शराटीच्या तोंडाचा कारकून

सनद, बहारीन
बुधवार, १७ सप्टेंबर १९९७

प्रिय सीमा,

अक्षर ओळखलंस ना? दोन वर्षांत मी तुला एक ओळ पाठवली नाही, तूही नाही, आणि आता एकदम एवढं जाड पाकीट. आत दोन पत्रं आहेत, एक माझं आणि एक चंपाबाईचं. आधी माझं वाच. तिचं आधी वाचलंस तर माझं वाचायची तुझी इच्छाच उरणार नाही.

इकडे आहे तसंच आहे. सप्टेंबर अर्धा सरला तरी घामाच्या धारा थांबत नाहीत. सुजीतच्या शिफ्ट सारख्या बदलतात, त्यामुळे आमची गाठ आठवड्यातून एकदा पडली तरी खूप. पोरगा मराठीत विचारलं की इंग्रजीत उत्तर देतो. तुमच्या फ्लॅटमध्ये केरळचं जोडपं आलंय. त्यांनी बाल्कनीत कढीपत्ता लावलाय आणि तो तुझ्यापेक्षा छान आलाय. हे मी मुद्दाम लिहिते आहे. तुझ्यापेक्षा कुणाचं काही चांगलं झालेलं दिसलं की मला आजही बरं वाटतं, बघ. स्वभावाला औषध नाही म्हणतात ते खोटं नाही.

तू यायच्या आधी शुक्रवार माझा होता, सीमा. रामजी काकांच्या हॉलमध्ये वंदना झाली, जेवणं उरकली की मी खिडकीपाशी पॅड घेऊन बसायची आणि बायका रांगेनं पुढ्यात येऊन बसायच्या. कुणी बुदैयाच्या बंगल्यात स्वयंपाकाला, कुणी मनामात मुलं सांभाळायला. लिहिता येणारी त्यांच्यात एखादीच. त्या चार शब्द बोलायच्या, मी पान भरायची. पत्र लिहिण्यास कारण की, वडीलधाऱ्यांच्या चरणी, आपला आशीर्वाद असावा. औरंगाबादला शाळेत हस्ताक्षराचं पहिलं बक्षीस कायम माझं. बायकांना त्यातलं निम्मं कळायचं नाही, पण गावी पत्र वाचणारे गुरुजी म्हणायचे की बाई फार शिकलेली दिसते. ते उलट टपाली कळलं की आनंदानं मला आठवडाभर भूक लागायची नाही.

मग त्र्याण्णवमध्ये अश्वजितचा हात धरून तू आलीस. एसी दुरुस्त करणाऱ्याची बारीकशी बायको, शाळेची वही आणि अर्धी पेन्सिल घेऊन. तू त्या बायका बोलतील तसं भराभर उतरवायचीस. म्हैस व्याली का, दाराची कडी बसवली का, तुझ्या त्या दारुड्या मेव्हण्याला उंबऱ्याच्या आत घेऊ नको. सगळं जसंच्या तसं. मग वाचून दाखवायचीस आणि बाई पदर तोंडाला लावून हसायची नाहीतर रडायची. रविवारी त्याची पक्की प्रत करून तू टपालात टाकायचीस. मी सुजीतला म्हणायची, हे काय पत्र झालं, ही तर ओट्यावरची बडबड. दोन महिन्यांत माझ्यापुढची रांग तुझ्यापुढे गेली. सगळ्यांत आधी उठली ती चंपाबाई. ती पैठणकडची, आपल्या समाजाची नाही, तरी तिचं बुदैयाहून येणं-जाणं अश्वजितच्या गाडीतून व्हायचं, म्हणून ती आपल्यातच असायची. तिची पत्रं तीन वर्षं मी लिहिली होती. ती उठून तुझ्याकडे सरकली तेव्हा तिनं माझ्याकडे वळूनही पाहिलं नाही. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

त्यात ती खदिजा. ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर ती अरबी टाइप करते, मी इंग्रजी. चार वर्षं मी तिला माझ्या डब्यातलं भरीत खाऊ घातलं, आणि ती इजिप्तहून सुट्टी संपवून आली ती चित्र घेऊन कुणासाठी, तर तुझ्यासाठी. तुला ती जेमतेम तीनदा भेटली होती. चूक माझीच, मीच एकदा कुरकुरत सांगितलं होतं की आमच्याकडे एक बाई आली आहे, ती लोकांच्या तोंडचं जसंच्या तसं लिहिते. मी तक्रार केली आणि हिला कौतुक वाटलं. लव्हाळ्याच्या कागदावरचं ते चित्र, मधे तराजू, एका पारड्यात मेलेल्या माणसाचं काळीज, दुसऱ्यात एक पीस, आणि शेजारी बोरू घेऊन उभा असलेला लांब वाकड्या चोचीचा देव. खदिजा त्याला तहूत म्हणते, इंग्रजी पुस्तकांत थॉथ. तिचं गाव मिन्या, तिथून जवळच त्याचं जुनं शहर होतं. विद्या त्याची, अक्षरं त्याची, सगळ्या देवांचा लेखनिक तो. चंपाबाईनं चित्र बघितलं आणि म्हणाली, हा तर आमच्या धरणाच्या पाण्यावरचा शराटी, ह्याला धोतर कुणी नेसवलं. सगळ्या हसल्या. मी हसले नाही.

तुला ठाऊक नसेल, पण रामजी काकांचे कान मी भरले. म्हटलं, काका, बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात पक्षीतोंड्या देव टांगलाय, नव्या मुलांनी काय शिकायचं? काका पुढच्या शुक्रवारी तावातावानं तुझ्याकडे आले. तू शांतपणे सांगितलंस की मी याला हार घालत नाही, उदबत्ती लावत नाही. हा देव नाहीच, कारकून आहे. तोलणारा वेगळा, शिक्षा करणारा वेगळा, हा फक्त काटा दाखवेल ते लिहितो. ज्यांच्या पणजोबाला पाटीला हात लावू दिला नाही, त्यांच्या भिंतीवर एक कारकून असला तर काय बिघडलं? काका खूश झाले, चौदा एप्रिलला हेच बोल म्हणाले. त्या वर्षीपर्यंत चौदा एप्रिलचं भाषण मी करायची.

आता त्या शुक्रवारचं. चंपाबाईची लक्ष्मी मामाकडे राहून नववीत शिकत होती आणि मामाचं पत्र आलं होतं की स्थळ आलंय, काय करू. त्याचं उत्तर तुझ्या वहीत उतरवलं गेलं आणि टपालात पडलं. दीड महिन्यानं मामाचं पत्र आलं, ते तूच सगळ्यांसमोर वाचायला घेतलंस. तुझा होकार कळला, म्हणून वैशाखातच उरकून घेतलं, लक्ष्मी नांदायला गेली. तू मधेच थांबलीस. चंपाबाईनं ते पुन्हा वाचायला लावलं. मग ती जी ओरडली ते अजून माझ्या कानात आहे. मी काय सांगितलं होतं आणि तू काय लिहिलंस, सटवे, माझ्या पोरीचा गळा कापलास. तू एकदाच माझ्याकडे पाहिलंस. कारण त्या वेळी तुझ्या पोरीला कांजिण्या आल्या होत्या, घर बंद होतं, आणि वहीचं ते पान अश्वजितच्या हाती माझ्याकडे आलं होतं, पक्की प्रत करून ऑफिसातून टाक म्हणून. हे तू, मी आणि अश्वजित, तिघांनाच ठाऊक. मी हळूच तुझ्या कानाशी म्हटलं, मी जसंच्या तसं उतरवलं. तू चंपाबाईकडे वळलीस आणि म्हणालीस, मग माझ्याच ऐकण्यात चूक झाली असेल.

त्यानंतर तुझ्याकडे कुणी बसेना. चार महिन्यांनी मुलीच्या शाळेचं निमित्त करून तू औरंगाबादला निघालीस आणि जाताना ते चित्र माझ्या दाराशी ठेवून गेलीस. देतानाही तूच मोठी! मी ते बॅगेत कपड्यांखाली घातलं. रांग परत माझ्यापुढे आली. मला जे हवं होतं ते सगळं मिळालं, सीमा, आणि दोन वर्षांत एकदाही तशी आनंदानं माझी भूक मेली नाही.

आता ऐक. तुझ्या पेन्सिलीतले शब्द मला पाठ आहेत. दादा, नाही म्हणजे नाही. पोरीची दहावी झाल्याबिगर आणि मी आल्याबिगर सुपारी फोडायची नाही. फोडलीस तर जन्मात माझं तोंड बघू नको. मी ते ऑफिसात दुपारी उतरवायला घेतलं आणि मला तुझाच राग आला. थोरल्या भावाला असं लिहितात? म्हटलं, आज दाखवतेच हिला पत्र कशाला म्हणतात. आणि लिहिलं, की लक्ष्मीचे शिक्षण पूर्ण व्हावे अशी माझी फार इच्छा होती, तथापि आपण वडीलधारे आहात, आपण ठरवाल ते विचारपूर्वकच ठरवाल, आपल्या शब्दाबाहेर मी नाही. वाक्य इतकं सुरेख उतरलं होतं की मी ते दोनदा वाचलं. मला लग्न लावायचं नव्हतं, हे तू मानलंस तर मान. मला वाटलं, इच्छा होती म्हटलं म्हणजे माणूस समजेल. तो का समजेल? त्यानं शेवटची ओळ धरली. वहीचं पान मी फाडून ऑफिसातल्या कचऱ्याच्या डब्यात टाकलं. तुझं कच्चं आणि माझं पक्कं कुणी शेजारी ठेवून बघू नये म्हणून.

मागच्या महिन्यात मी खदिजाला विचारलं, तुझ्या त्या तहूतनं कधी काट्यापेक्षा वेगळं लिहिलं तर काय होतं? तिनं टाइप करायचं थांबवलं. म्हणाली, असं आजवर कुणी विचारलं नाही. काट्याखाली मगरीच्या तोंडाचं जनावर बसलेलं असतं, लिहिल्याप्रमाणे ते काळीज खातं, म्हणून त्याच्या हातून चूक होतच नाही. मी म्हटलं, आणि झालीच तर? यल्ला, चल, काम कर, म्हणाली. खरं सांगू, मला त्या पक्ष्याचाही हेवा वाटला. हजारो वर्षं तो दुसऱ्याचं लिहीत उभा आहे आणि एक शब्द आपला घालावासा त्याला वाटला नाही. मला एका पानापुरतंही राहवलं नाही.

तर हे आज का लिहिते आहे? गेल्या शुक्रवारी चंपाबाई माझ्यापुढे येऊन बसली. तिचा व्हिसा खलास झालाय, महिनाअखेर ती कायमची पैठणला चालली आहे. म्हणाली, जायच्या आधी सीमाबाईला एक पत्र लिही, मनात राग घेऊन मला विमानात बसायचं नाही. आणि तिनं सांगितलं ते मी पेन्सिलीनं, तिच्याच शब्दांत उतरवलं, एक काना इकडचा तिकडे केला नाही. लक्ष्मीला मुलगी झाली आहे. ती घरीच बसून दहावीची पुस्तकं वाचते. आणि पुढे, सीमाबाई, तुमच्या हातनं चुकलं, पण तुम्ही ते मुद्दाम केलं नसणार, मी तुम्हाला माफ केलं. हे मला लिहावं लागलं, सीमा. माझ्याच हातानं. तिनं खाली अंगठा उठवला, मला म्हणाली, तू लई चांगली आहेस गं भावना, आणि माझ्या गालावरून हात फिरवून गेली. मी तिचा कागद घडी करून ठेवला. पण ही माफी तुझ्या नावावर घालायची नाही. परवा शुक्रवारी ती येईल तेव्हा हॉलमध्ये सगळ्यांसमोर हे पत्र मी तिला पहिल्या ओळीपासून वाचून दाखवणार, कढीपत्त्यासकट, आणि मगच पाकीट बंद करणार. ती काय म्हणेल मला माहीत नाही. आज मी धीर करून लिहिते आहे, परवा माझी बोबडी वळू शकते, स्वतःला मी चांगली ओळखते. तसं झालं तर हे पाकीट माझ्याकडेच पडून राहील. तुला ते मिळालं असेल, तर समज की मी वाचलं.

तुझीच म्हणायचा हक्क गमावून बसलेली,
भावना