निळा क्रूस

प्रिय विमल,

नाहूरला बाराव्या मजल्यावर तुला समुद्राचा आवाज येत नसेल, म्हणून आधी मढची खबर देते. आज दुपारी वारा पडला होता. वाळत घातलेल्या बोंबलांच्या ओळी अगदी स्थिर, आणि त्यांच्यामागे पाणी कुठलं नि आभाळ कुठलं ते कळत नव्हतं. ओट्यावर बसल्या बसल्या माझा डोळा लागला आणि वाटलं, तुझे चंद्रप्रकाश हातात बादली घेऊन आपल्या आळीतल्या क्रूसाकडे चाललेत. हाक मारणार तोच जाग आली.

त्यांचा तो घोटाळा आठवतो ना गं? रंग मारून शूटिंगच्या बंगल्याचा आज महाल, उद्या पोलीस ठाणं करणारा माणूस, पण मे महिन्यातल्या रोजच्या प्रार्थनेआधी क्रूसाला चुना लावायचं काम त्यांनी आपणहून मागून घेतलं. पहिल्याच वर्षी चुन्यात नीळ इतकी पडली की सकाळी क्रूस आभाळी! माझी सासू अशी भडकली की विचारू नकोस. संध्याकाळी सगळे तिथे माळा घेऊन रोझरीला जमले, मेणबत्त्या लागल्या, आणि तीच म्हणाली, राहू दे, आपल्या मारियेच्या पदराचा रंग आहे. तेव्हापासून आमचा क्रूस निळाच. प्रार्थना संपेपर्यंत तुम्ही दोघं चपला काढून गटाराच्या पलीकडे उभे, आणि उकडलेले चणे वाटायला घेतले की बरोबर पुढे! चर्चची पायरी तुम्ही कधी चढला नाहीत आणि आम्हालाही त्याचं कधी काही वाटलं नाही.

आता नवे फादर आलेत. पोरसवदा आहेत, गोड आहेत. म्हणतात, चर्चला कधीच न येणाऱ्या एका तरी माणसाला आपल्या प्रभूबद्दल सांगा. मला तूच सुचलीस. तुझी सून प्रांजल फोनवर सांगते, बाबा गेल्यापासून आईंनी देव्हाऱ्यात दिवा लावलेला नाही, देवाचं नाव काढलं की उठून जातात. माझा जीव त्या दिव्यात अडकलाय, विमल. तुला मी काय उपदेश करणार, कपाळ! मला ठाऊक आहे तेवढंच सांगते. आमचा येशू मित्राच्या थडग्यापाशी रडला होता. सगळं हातात असून रडला. आमचे हे गेले तेव्हा मी त्याला नाही नाही ते बोलले, तरी तो माझ्यापाशी बसून राहिला. तुझाही राग त्याला चालेल.

क्रूस यंदा पांढरा पडत चाललाय. शेजारचा केयूर तयार रंगाचा डबा आणतो म्हणाला, मी नको म्हटलं. चुना भिजत घातलाय, पण नीळ किती घालायची ते आता फक्त तुला माहीत, त्यांची बादली तूच ढवळायचीस. म्हणून हे पत्र. मेच्या पहिल्या संध्याकाळचे चणे आमच्या घरचे आहेत आणि मी ते चंद्रप्रकाशांच्या नावाने वाटणार आहे. ये. चर्चमध्ये चल म्हणणार नाही. गटाराच्या पलीकडे मात्र उभी राहू नकोस, माझ्याजवळ ये. तुला प्रार्थनेतला एक शब्द येत नाही, नसू दे. तू नुसता माझा हात धर, दोघींचं मी म्हणेन.

तुझीच,
नातालीन