खोली माही, राहते शालिक्या

९ फेब्रुवारी १९५९, सोमवार. अमरावती.
आजपासून रोजनिशी. मोठे लोकं लिहितेत. मी सातवी नापास आहो, पन डोकं नापास नाई.
लगन होऊन वरीस होत आलं. बायको, ललिता, अजून बार्शीटाकळीले बापाच्या घरी. सासऱ्याचं, देवमनजीचं, एकच म्हननं: अमरावतीत खोली घ्या, मंग पोरगी पाठवतो. शेषराव शेटच्या सायकल दुकानाच्या माळ्यावर बायको ठेवता येत नाई, हे मलेई समजते. तिथं मी झोपतो, शालिक्या झोपते अन् जुने टायर. शालिक्या म्हन्जे शालिकराम, माह्या संगं पंक्चर काढते. गरीब गाय. दिवसातून चार शब्द बोलन तं बोलन.
संकल्प: पंधरा दिसात खोली. खोड्या बंद.

१२ फेब्रुवारी
राजापेठ झाली. मसानगंज झालं. भाडं परवडते तिथं नळ नाई. नळ आहे तिथं भाडं आइकूनच घशाले कोरड.
अन् घरवाला कोनताई असो, पयला सवाल एकच: फॅमिली कुठी आहे? सड्या मानसाले खोली देत नाई आमी. फॅमिली दाखव, खोली घे. सासरा म्हनते खोली दाखवा, फॅमिली न्या. या लोकायले अन् सासऱ्याले एका खाटेवर बसवा, भांडू द्या, मी बाहेर बसतो.

१५ फेब्रुवारी, रविवार
भेटली!! म्हन्जे भेटल्यातच जमा. अंबागेटजवळ मनकर्णाबाईच्या घरावर वरची खोली. मोठी खिडकी, खाली नळ. भाडं बारा रुपये. थोडं जास्त आहे, उतरवून घेऊ.
बाईनं फॅमिलीचं इचारलं. मी म्हनलं आहे ना, बायको अन् चार लेकरं. इम्प्रेशन पडाले पाह्यजे म्हनून चार. बाईनं मले वरून खालपर्यंत पायलं. म्हने, कोनत्या वर्षी सुरू केलं रे बापू? मिशी तं फुटू दे अदुगर. अन् पायरीवरून खाली उतरवलं.
शालिक्याले या खोलीचं सांगतलं नाई. तो खोली शोधून नाई राहिला, पन कोनाचा भरोसा नाई.

१८ फेब्रुवारी
मनकर्णाबाईनं दारावर काळी पाटी टांगली. ‘खोली भाड्याने देणे आहे, फक्त फॅमिलीस.’ तिले सोताले वाचता येत नाई, शेजारच्या मास्तरनं खडूनं लिहून देल्ली.
दुपारी गल्ली झोपली होती. मी खाली एक ओळ वाढवली: ‘ढेकणं फार.’
आता फॅमिलीवाले येनार नाई. बाई थकन, अट सोडन, भाडं उतरवन. मंग मी जाईन. याले खोडी म्हनत नाई, याले बिझनेस म्हनतेत.

२६ फेब्रुवारी
प्लॅन फर्स्ट क्लास चालू आहे. एक मास्तर आला, पाटी वाचली, मान खाजवत वापस गेला. पोस्टातल्या बाबूच्या बायकोनं तं टांग्यातूनच वाचलं अन् टांगा वळवला. मनकर्णाबाई दारात उभी राहून सगळ्यायले म्हनून राहिली, अहो या ना, पाहून तं घ्या.
आनखी आठ रोज पिकू देतो. बार्शीटाकळीले कार्ड टाकलं: खोली भेटली. भेटनारच आहे.

४ मार्च
शालिक्याले खोली भेटली.
तीच. आठ रुपयात. सड्या मानसाले.
सायकल पोचवाले तिकडून जात होता. पाटी वाचली अन् सरळ आत गेला. म्हने, आजी, ढेकणं झाले असन तं मी खाट उन्हात टाकून देतो, राकेल मारून देतो. बाईनं कपाळावर हात मारला. म्हने, असं लिहून ठेवलं व्हय मेल्यायनं, म्हनून पळून राहिले होते लोकं! पाटी काढून चुलीत घातली. फॅमिलीची अट काढली, भाडं उतरवलं, वरतून याले भाकर अन् ठेचा वाढला. अन् ढेकूण त्या खोलीत एकई निंघाला नाई.
पाटीवर डोकं माहं चाललं, अन् ठेचा त्यानं खाल्ला.
मी जळत नाई. फक्त आज जेवलो नाई.

८ मार्च, रविवार
शालिक्यानं खोली पाहाले बलावलं. गेलो. खिडकीतून असा वारा येते की राग येते. पोट्टा खाटेवर पाय पसरून झोपते म्हने. माळ्यावर आता मी एकटाच आहो. जागा दुप्पट झाली. तरी झोप येत नाई. टायरायचा वास मारते, पयले मारत नव्हता.
खरं पायलं तं खिडकी फार मोठी आहे. उन्हाळ्यात पस्तावन तो.

१५ मार्च
सासऱ्याचं कार्ड. येत्या रविवारी अमरावतीले काम आहे, खोली पाहून जातो, पसंत पडली तं पोरगी पाठवतो.
घाबरलो नाई. प्लॅन तयार आहे. रविवारी शालिक्याची दुकानात पाळी. त्याले किल्ली मांगतली, तं त्यानं काहून म्हनूनई इचारलं नाई, काढून देल्ली. असे लोकं कसे जगतेत कोन जाने. मनकर्णाबाईले सांगतलं, शालिक्याचा काका येनार आहे, मी फक्त रस्ता दाखवाले येतो.

२२ मार्च, रविवार. संध्याकाळ.
लिहाचं मन नाई. तरी लिहितो.
देवमनजी आले. खिडकी पायली, नळ पायला, भिंत ठोकून पायली. खुश. म्हने, जवाईबापू, मी तं तुमाले नुसता टवाळ समजत होतो. मी चहाचं इचारलं. म्हने, पोरीच्या घरचं पानीई पेत नाई मी, रीत आहे. मले बरंच झालं. शालिक्याची साखर कुठी राहाते कोनाले माहीत.
तेवढ्यात मनकर्णाबाई वर आली. म्हने, काका, तुमच्या पोरावानी पोरगा नाई पायला. पानी भरून देते, मान वर करून बोलत नाई. अन् माह्याकडे बोट केलं: फक्त या पुंज्याची संगत सोडाले सांगा त्याले. याले चार लेकरं आहेत म्हने!
सासरा म्हने, कोनाले? बाई म्हने, हा काय, याले. सासरा म्हने, मी याचा सासरा हो.
मी खिडकीबाहेर पाहून राहिलो. मोठी आहे खिडकी.
सासऱ्यानं खोलीभर एकडाव नजर फिरवली. मंग म्हने, म्हन्जे हे माह्या पोरीचं घर नाई? मी म्हनलं, तसं पायलं तं नाई. म्हने, मंग मांडा चहा. सकाळपासून घसा सुकला.
शालिक्या दुकानातून आला, त्यानं मांडला. सासऱ्यानं दोन कप पेला. पेता पेता इचारून राहिला: गाव कोनतं, मायबाप काय करतेत, वावर किती, लगन झालं का. मले वाटलं, हे सवाल कुठी तरी आइकले आहेत. मंग ध्यानात आलं. लगनाअदुगर मलेच इचारले होते.
ललिताची लहान बहीन माणिक लग्नाची आहे.

५ एप्रिल
सोयरीक जमून राहिली. मी सासऱ्याले इमानदारीनं कार्ड टाकलं होतं की शालिकराम भयंकर घोरते, पोरीच्या जिंदगीचा सवाल आहे. आज जवाब आला: घोरते म्हन्जे घरी झोपते.

१७ मे, रविवार. बार्शीटाकळी.
लगन लागलं. शालिक्या आता माहा साडभाऊ. सासऱ्यानं त्याले पितळी बादली देल्ली. मले लोटा देल्ला होता. मी मोजत नाई. बादलीले कडी सैल आहे.

२० मे
ललिता अमरावतीत आली!!! माणिकसंगं पाठराखीन म्हनून. मुक्काम शालिक्याच्या खोलीत.
तेल लावून, भांग पाडून गेलो. मनकर्णाबाई पायरीवर. म्हने, कोन पाह्यजे? मी म्हनलं, माही बायको. म्हने, वर बायामानसं आहेत, उद्या जेवाले ये.
बायको आहे, खोली आहे. अन् मी टायरावर.

२१ मे
जेवाले गेलो. शालिक्यानं आग्रह करून वाढलं, त्याचाई राग आला. ललितानं सगळ्यायसमोर इचारलं, इतके दिवस खोली शोधून राहिले होते, की घरवाल्यायले हसवून राहिले होते? मी म्हनलं, अमरावतीत सड्या मानसाले खोली भेटतच नाई. मंग सगळे शालिक्याकडे पाहाले लागले. तो भात कालवत होता.
ललितानं ठरवलं. ती परवा वापस जाते. उद्या तिघं मिळून खोली पाहाले जाचं. फॅमिली म्हनून ती सोबत, बोलनं शालिकभाऊनं कराचं. मी आत जाचं नाई. बाहेर सायकली धरून उभं राहाचं.