चपलांपाशी राहणारा हत्ती

७ फेब्रुवारी
फळ्या बसल्या! अगदी अरुंद, पुढे बोटभर कठडा. पुस्तके उभी आणि मुखपृष्ठे समोर. ग्रंथालयशास्त्राच्या वर्गात मी हेच पुन्हा पुन्हा सांगते — लहान मूल पुस्तक पाठीवरून ओळखत नाही, तोंडावरून ओळखते. म्हणून सर्वांत वरची फळीदेखील घरातल्या छोट्या मुलीच्या खांद्याच्या खालीच आहे. प्राण्यांना हिरवी चिकटपट्टी, वाहनांना निळी, परीकथांना पिवळी.

लग्न होऊन मी या घरात आले, तेव्हा यांच्या लेकीची पुस्तके घरभर पसरलेली होती. तिची आई गेल्यापासून ती तशीच. हे तिला 'खारूताई' म्हणतात ते उगाच नाही! मला ती मावशी म्हणते, अहो-जाहो करते, सांगितलेले सारे ऐकते. फक्त 'वाचून दाखवा' असे एकदाही म्हणालेली नाही. या फळ्या पाहून तरी म्हणेल.

९ फेब्रुवारी
फळ्या अर्ध्या रिकाम्या. हत्तीचे पुस्तक चपलांच्या कपाटात!!

१० फेब्रुवारी
सकाळी पुन्हा लावली. संध्याकाळी पुन्हा घरभर. मी नवीन आणलेले जिराफाचे पुस्तक तेवढे जागेवर — त्याला तिने हातही लावलेला नाही. "खारूताईशी वर्गीकरणाचा वाद घालतेस? हरशील हं," हे म्हणाले. मला काही हसू आले नाही.

१३ फेब्रुवारी
आज ओरडायचे नाही असे ठरवून, तिच्याशेजारी जमिनीवर बसून विचारले.
"मावशी, हत्ती तिथे नाही राहत."
"मग कुठे राहतो?"
"चपलांपाशी. शाळेत जाताना आई माझ्या बुटांची नाडी बांधायची ना, तेव्हा मी तिला तो वाचून दाखवायची. म्हणजे चित्रं बघून. तेव्हा मला वाचता कुठे यायचं!"
मग माझे बोट धरून तिने सारे घर दाखवले. पिठाच्या डब्याशेजारी बेडकाचे पुस्तक — आईचे हात पिठात, पाने हिने उलटायची. खिडकीच्या कट्ट्यावर आगगाडीचे — बाबांची वाट बघताना. उशीखाली अस्वलाचे — तापातले.
"आणि तुम्ही सगळ्यांना एकाच भिंतीला उभं केलंत. शिक्षा केल्यासारखं."

पसारा नव्हताच तो! प्रत्येक पुस्तकाला ठरलेली जागा, आणि त्या जागेला कारण. विषय, आकार, वय — एवढ्या पद्धती मी शिकवते. पण पुस्तक जिथे वाचले गेले तिथेच ते ठेवावे, हे मला सुचले नसते. केवढी नेमकी व्यवस्था! आणि ती सांभाळणारी अजून दुसरीत आहे.

१४ फेब्रुवारी
सर्व चिकटपट्ट्या काढल्या. डाग राहू नयेत म्हणून तेलाच्या बोळ्याने, हळूहळू. ती शेजारी बसून पुसत होती.

२० फेब्रुवारी
कामाला लागलो आहोत, दोघी! ती जागा दाखवते, मी सोय करते. चपलांच्या कपाटाच्या दाराला आतून जाड कापडाचा खिसा शिवला. हत्ती डोके बाहेर काढून बसतो. स्वयंपाकघरात पान उघडे धरणारी तिरपी घोडी, वर पारदर्शक प्लास्टिक, म्हणजे बेडकावर शिंतोडे नकोत. कट्ट्याला कठडा लावला, आगगाडी आता घसरत नाही. अस्वलासाठी पलंगाच्या कडेला झोळी केली. पण ते उशीखालीच हवे म्हणाली. राहू दे.
हे म्हणाले, "आता मीठ घ्यायलाही सभासद व्हावं लागणार का?" खारूताई खो-खो हसली. मीही!
भिंतीवरच्या फळ्यांवर आता एकटा जिराफ. त्याला जागा नाही; तो कधी वाचलाच गेला नाही. तिला आग्रह करायचा नाही, असे मी स्वतःला बजावले आहे.

२६ फेब्रुवारी
कॉलेजातून आले. माझ्या टेबलावर, चष्म्याच्या घराला टेकवून, तोंड समोर करून — जिराफ!
मागून ती माझ्या खुर्चीत चढली. "हा इथे राहणार," म्हणाली. "वाच ना."