कालचं पाणी

रविवार, ७ सप्टेंबर २०२५

१. शनिवार, २७ एप्रिल २०२४. गिप्सलँडचा किनारा, झाडीतला कॅम्प. नळ नाही, वीज नाही. कॅरॅव्हॅनमध्ये मी आणि माझा मोठा भाऊ सुजित, वय ३३. आईबाबा घरी, क्रेगीबर्नला.
२. सकाळी साडेसातला कॅरॅव्हॅनची पाण्याची टाकी रिकामी असल्याचं लक्षात आलं.
३. ७:५० ला सुजित वीस लिटरचा कॅन घेऊन पार्किंगजवळच्या नळाकडे निघाला. अंतर ९०० मीटर. वाट कड्यावरून जाते.
४. नऊपर्यंत परत आला नाही.
५. ९:२५ ला मला कॅन दिसला. परतीच्या वाटेवर, मधोमध, उभा. भरलेला. झाकण घट्ट.
६. सुजित दिसला नाही. अजून नाही.

हे कॉरोनरच्या, म्हणजे मृत्यूंची चौकशी करणाऱ्या कोर्टासाठी. आधी इथे लिहून बघितलं. त्यांचं पत्र आलंय — सुजित मरण पावला असं नोंदवायला कुटुंबाची हरकत आहे का? काही सांगायचं राहिलंय का? गुरुवार २५ पर्यंत कळवा. सोबत फॉर्म. त्यात एक रकाना: शेवटचं बोलणं काय झालं? दोन ओळींची जागा आहे. मी ती कोरी सोडली.

बाबांचं ठरलंय. गुरुवारपर्यंत सही करायची, शुक्रवारी फुटबॉल फायनलची सुट्टी आहे, तेव्हा तीच कॅरॅव्हॅन घेऊन तिथे जायचं आणि तिथेच पुण्यानुमोदन करायचं. आई उठून भांडी घासायला लागली. म्हणजे तिला मान्य नाही.

आज इथला फादर्स डे. बाबांना घेऊन कॅरॅव्हॅन ठेवायच्या यार्डात गेले. कॅरॅव्हॅन दोन हिवाळे तिथे झाकून उभी होती. गेल्या वर्षी मे महिन्यात मीच ती बंद केली होती — सगळे नळ उघडे, हीटरचं बूच काढलेलं, टाकीखालचा कॉक उघडा. पाणी आत राहिलं तर थंडीत गोठून पाइप फुटतात. प्रत्येक गोष्टीचा फोटो आहे माझ्याकडे.

आज कॉक बंद होता.

तेवढाच एक. बाकी सगळं फोटोप्रमाणे. यार्ड सांभाळणाऱ्या केव्हिनला विचारलं. ‘नोबडीज टच्ड इट, मेट.’ कव्हरची दोरीसुद्धा मी बांधली होती तशीच होती.

सगळं पाणी काढलं होतं हे पूर्ण खरं नाही. पुढच्या डिकीत तो वीस लिटरचा कॅन आहे. पोलिसांनी फोटो काढले आणि परत दिला. तो मी रिकामा केला नाही. आज पाहिला — भरलेला, झाकण घट्ट. डिकीची एकच चावी, माझ्या जुडग्यात.

मंगळवार, ९ सप्टेंबर

जेवताना बाबा म्हणाले, ‘सुजितला ही भाजी आवडायची.’ आई म्हणाली, ‘आवडते.’ मी पाणी वाढलं.

शनिवार, १३ सप्टेंबर

कॅरॅव्हॅन घरी आणलीय. दिवसभर तिचं काम, ड्राइव्हवेवरच. हीटरला गंज रोखणारा नवा अ‍ॅनोड रॉड, टेफ्लॉन टेप लावून बूच घट्ट. सगळे नळ बंद. कॉक बंद. टाकीत ऐंशी लिटर. पंप चालू केला. नळांतून आधी नुसती हवा, मग थुंकल्यासारखं पाणी, मग सरळ धार. नळ बंद केले की पंपानेही गप्प बसायला हवं. बसला. मध्येच गुरगुरला तर कुठेतरी गळतंय. दहा मिनिटं कान लावून बसले. एकदाही नाही. गळती नाही.

मग ब्लीच. बिनवासाचं, चार टक्क्यांचं, १०० मिली. म्हणजे लिटरला ५० मिलिग्रॅम क्लोरीन. रात्रभर आत ठेवायचं, सकाळी काढायचं, दोनदा धुवायचं. माझा पगारच याचा आहे. पाण्याच्या लॅबमध्ये दिवसभर क्लोरीन मोजते. सुजित हाक तशीच मारायचा. ‘ए लॅब! आजचं पाणी पास की नापास?’

आई चहा घेऊन बाहेर आली. ‘त्याचा ग्लास ठेवलास ना आत?’ स्टीलचा. ठेवला.

रविवार, १४ सप्टेंबर

टाकी रिकामी. कॉक उघडा. ड्राइव्हवे ओला, क्लोरीनचा वास, कडेच्या गवतापर्यंत ओघळ.

कॉकचं हँडल पाव फेरा फिरतं. कडक आहे, दोन बोटांनी जोर लावावा लागतो. आपोआप फिरण्यातलं नाही. मी नीट बंद केलं नसेल — ही पहिली शक्यता. पुन्हा भरली. हँडलपासून बॉडीपर्यंत मार्करने एक सरळ रेघ मारली.

सोमवार, १५ सप्टेंबर

रिकामी. रेघेचे दोन तुकडे, काटकोनात.

मंगळवार, १६ सप्टेंबर

काल संध्याकाळी टाकी भरून कॉकला प्लास्टिकच्या पट्टीचा झिप-टाय आवळला. दारावरचा कॅमेरा ड्राइव्हवेकडे वळवला.

सकाळी रिकामी. झिप-टाय कापलेला नाही. अख्खा! सरळ करून कॅरॅव्हॅनच्या पायरीवर ठेवलेला. टाचणीने आतली जीभ दाबली की तो सुटतो. हे मला माहीत आहे, कारण सुजित तेच करायचा. शंभरचं पाकीट दोन डॉलरला मिळतं, तरी एकेक सोडवून डब्यात ठेवायचा. ‘फेकतेस काय, मेट? रीयूज!’

कॅमेऱ्यात एवढंच दिसतं: ६:१२ ला चाकाखालून पाणी यायला लागतं. माणूस नाही. पण कॉक चाकाच्या मागे आहे, तेवढा भाग दिसत नाही. हेही लिहून ठेवते. हेही खरं आहे.

बुधवार, १७ सप्टेंबर

रिकामी. ६:१२.

ऑफिसात सुनेत्राने विचारलं, झोप नाही का होत? म्हटलं, होते. खरंच होते. सहाला जाग येते.

गुरुवार, १८ सप्टेंबर

सापडलं! सहापासून खिडकीशी उभी होते. बाबा बाहेर आले. पायजमा, सुजितची काळी बीनी टोपी, हातात टॉर्च. चाकामागे उकिडवे बसले आणि कॉकला हात घातला. मला हसू आलं — आठवड्यात पहिल्यांदाच. तशीच अनवाणी बाहेर गेले.

‘बाबा! तुम्ही होय!’

‘कालचं पाणी गं. शिळं झालं. ओततोय.’

‘बंद टाकीतलं पाणी शिळं होत नाही. किती वेळा सांगायचं तुम्हा दोघांना?’

दोघांना. तोंडातून गेलं. बाबांनी ऐकलं, पण वर पाहिलं नाही. पाणी पायांवरून वाहत होतं. बर्फासारखं थंड.

मग त्यांनी सांगितलं. आधीही सांगितलंय, पण इतकं सलग नाही. त्यांच्या आजोबांना गावात लोक वरून, ओंजळीत पाणी ओतायचे. तेही घरात उरलेलं, आदल्या दिवसाचं. ताजं त्यांच्यासाठी नसायचं. ‘मग त्यांनी आपल्या घरात कायदा केला. दारी येईल त्याला आजचं पाणी. भरलेला ग्लास, हातात. कालचं सकाळी उठल्या उठल्या ओतून टाकायचं. खामगावला दोन मैलांवरून पाणी आणायचो, तरी ओतायचो. आई शिव्या द्यायची मला. सुजितला ती सवय मीच लावली.’

‘माहितेय. पण रोज ऐंशी लिटर, बाबा?’

‘रोज कुठे? आजच आलो.’

‘आणि रविवारपासून?’

‘रविवारपासून बघतोय, मी उठायच्या आत ओतलेलीच असते. मला वाटलं तू ओततेस.’ गुडघ्यावर हात ठेवून ते उठले. ‘बरं वाटलं होतं मला.’

आत आले, कॅमेऱ्यातली वेळ पाहिली. ६:०७. आज बाबा ६:१२ च्या पाच मिनिटं आधी आले होते. एवढंच.

शुक्रवार, १९ सप्टेंबर

आज टाकी भरली नाही. काल धुतली, पुसली, कॉक बंद केला. आत थेंब नाही. ओतायलाच काही नाही — बघू.

डिकीला कुलूप. चावी माझ्या उशाखाली. कारण विचारलं तर सांगता येणार नाही.

शनिवार, २० सप्टेंबर

कॉक बंद. ओघळ नाही. ड्राइव्हवे कोरडा.

टाकीत पाणी आहे.

पातळी दाखवणाऱ्या गेजचा एक दिवा लागलाय. आधी सॅम्पल घेतलं. क्लोरीन शून्य. आमच्या नळाचं असतं तर दिसलं असतं. प्लास्टिकचा जुनाट वास. तळाशी वाळूचे कण, पांढरे, बारीक. मग सगळं पाणी धुतलेल्या बादलीत काढून मोजलं. १९.८ लिटर. पुन्हा मोजलं. तेवढंच. परत टाकीत घातलं.

डिकीचं कुलूप लावलेलं होतं. उघडलं. कॅन जागेवर, उभा. झाकण घट्ट.

रिकामा.

बाबांना पाठीमुळे पाच किलो उचलवत नाही. आईला डिकी कुठली तेही माहीत नाही. कॅमेऱ्यात काही नाही. मी झोपेत चालत नाही, आणि सकाळी माझे तळवे स्वच्छ होते — पाहिले.

पार्किंगच्या नळापासून टाकीपर्यंत ९०० मीटर. त्याला सतरा महिने लागले.

हे वाक्य खोडायला हवं. खोडत नाही.

रविवार, २१ सप्टेंबर

आईबाबांना सांगितलं नाही.

बाबांनी टेबलावरचा फॉर्म पाहिला. त्यांची सही आधीच झालीय. ‘तुझा रकाना राहिलाय. काय बोलणं झालं होतं?’

‘नेहमीचंच.’

‘मग तसं लिही.’

आई ओट्याशी होती. पाठ आमच्याकडे. म्हणाली, ‘तिला लिहायचं ते ती लिहील. तुम्ही नका सांगू.’ तिने नळ चालू केला आणि बराच वेळ चालूच ठेवला. हाताखाली भांडं नव्हतं.

सकाळी टाकी पाहिली. १९.८ लिटर तसंच. कॉक बंद. ६:१२ ला काही झालं नाही. मी ६:४० पर्यंत तिथे बसून होते. आठवडाभर टाकी रिकामी दिसली की भीती वाटायची. आज भरलेली दिसली आणि वाटली.

एकदा घडलं ते निरीक्षण. त्यावरून निष्कर्ष काढायचा नाही, हे मी नवीन मुलांना पहिल्याच दिवशी शिकवते.

सोमवार, २२ सप्टेंबर

कॉकशेजारी चिकटवलेला कागद इथे उतरवून ठेवते.

दादा, मी लॅब.

पाणी मिळालं.

त्या सकाळी टाकी तू ओतलीस, आणि मी म्हणाले, ‘तूच ओतलंस, तूच आण. एक थेंब मी आणणार नाही.’ गाडीची चावी माझ्या खिशात होती, मी दिली नाही. हे कोणाला सांगितलं नव्हतं. आज फॉर्मवर लिहिलं. दोन ओळींत बसलं.

तू आणलेलं पाणी टाकीतच आहे. आता ते कालचं झालं. मी ओतणार नाही, बाबांनाही ओतू देणार नाही. कॉकला झिप-टाय नाही, डिकी उघडी आहे. टाकी रिकामी दिसली तर ‘हरकत आहे’ असं लिहीन, कोण काय म्हणेल ते म्हणो. भरलेली दिसली तर सही करीन.

गुरुवार, २५ सप्टेंबर, सकाळी सातपर्यंत उत्तर दे.