भोक दुकानात नेता येत नाही

अव्वा,

तुझ्या लेकीने मला जिन्यावर बसवलंय. वर तिच्या खोलीत कंपनीचा इंजिनियर आलाय आणि तो जाईपर्यंत मी वर पाऊल टाकायचं नाही, अशी ताकीद आहे. "अण्णा, तू तोंड उघडलंस की समोरचा माणूस उठून जातो. हा उठायला नको," एवढं म्हणून तिने दार लोटून घेतलं. दर आठवड्याला छापील अक्षरात गावाची टिंगल करून पोट भरणाऱ्या माणसाची स्वतःच्या बहिणीपाशी ही पत. तुला नवल वाटणार नाही. तू तर पाहुणे आले की मला शेंगा फोडायला मागच्या अंगणात पाठवायचीस. पायरी तापलीय. थोडा वेळ बसतो, उठतो, अर्धा जिना चढून कान देतो, काही ऐकू येत नाही, परत खाली येतो. समोरचा किराणावाला माझ्याकडे, चोर बघावा तसा नव्हे, पण येडा बघावा तसा बघतोय. हाताला काही चाळा हवा म्हणून तुला लिहायला घेतलं.

तू गेल्यानंतरच्या गोष्टी आधी सांगायला हव्यात. धाकटी कुर्डुवाडीहून परत आली. नवरा त्याच्या जागी सुखात आहे, ती तिच्या जागी. जागा वेगळ्या झाल्या एवढंच. तिचा मुलगा पुण्यात नोकरीला असतो, तो तिला तिकडे बोलावतो. तिचं म्हणणं, अकराव्या मजल्यावर बसून लिफ्टचे आवाज ऐकण्यापेक्षा मी इथं काहीतरी करीन. आणि या वयात तिने काढलं काय, तर इंटरनेटचं काम. कंपनीची मुख्य तार तिच्या खोलीपर्यंत येणार, तिथली यंत्रं तारेतलं इंटरनेट पुढे वाटून देणार, आणि आपल्या पेठेतल्या घराघरांत हिची जोडणी जाणार. पण यंत्रं रीतसर लोखंडी रॅकमध्ये आवळून बसवलेली दिसली तरच कंपनी हा भाग तिला देणार. नाहीतर चौकातला मोबाइलची कव्हरं विकणारा गडी अर्ज करून बसलाच आहे. आज पाहणी. नाही जमलं तर ती पुण्याला जाणार. मुलाला तसं कळवूनही टाकलंय तिने.

रॅक म्हणजे दारं, पाठ आणि फळ्या काढून घेतल्यावर कपाटाचं जे उरतं ते. चार उभे खांब, आणि पुढच्या दोन खांबांना वरपासून खालपर्यंत भोकं. यंत्राला दोन्ही बाजूंना पत्र्याचे कान असतात. कानाचं भोक खांबाच्या भोकावर आणायचं, स्क्रू पिळायचा, संपलं. या दोन खांबांमधलं अंतर जगभर सारखं ठेवलंय म्हणे, कुठल्याही देशाचं यंत्र कुठल्याही देशाच्या रॅकमध्ये बसावं म्हणून. मनुष्यजातीचं आयुष्यात एकदा कशावर तरी एकमत झालं, आणि लगेच स्क्रूवरून फाटलं. तुझ्या लेकीने हा रॅक मंगळवार बाजारात भंगारात घेतला. भंगारवाल्याने रॅक दिला, स्क्रू दिले नाहीत. विचारलं तर म्हणाला, "स्क्रूचं काय ताई, ते कुटंबी मिळत्यात की." त्या एका वाक्याच्या भरवशावर आम्ही उन्हाळ्यातल्या कितीतरी दुपारी घालवल्या.

रॅकचे म्हणून बाजारात जे मिळतात ते सहा मिलिमीटरचे. ते आमच्या भोकात शिरेनात. पाचचे दोन आटे शिरले आणि रुसून बसले. चारचे आत जाऊन गरगर फिरत राहिले, निवडून आलेल्या माणसासारखे. मग ऑनलाइन मागवले. चित्राखाली लिहिलं होतं, सर्व रॅकना चालतील. पुडी आली, तर तिच्यात स्क्रूबरोबर छोट्या पिंजऱ्यात अडकवलेले नट, चौकोनी भोकांसाठी. आमची भोकं गोल. 'सर्वांसाठी' असं लिहिलेलं काहीही आपल्याला लागू पडत नाही, हे मी सरकारी योजनांबद्दल कैक वेळा लिहिलंय. लोखंडाबद्दल लिहायचं राहून गेलं होतं. तोवर यंत्रं खोलीत जमिनीवर एकावर एक रचून ठेवलेली, भाकरीच्या चवडीसारखी, आणि तापायलाही तशीच. तासाभराने बंद पडायची. धाकटी त्यांच्यासमोर वर्तमानपत्राने वारा घालत बसायची, माझाच मजकूर छापलेल्या पानाने. मी काही बोललो नाही. म्हणजे, थोडंसंच बोललो.

आणि मग आम्ही तुझ्या दुकानाच्या ओळीत गेलो. आप्पा गेल्यावर तू त्या लूमच्या सुट्या भागांच्या आणि नट-बोल्टच्या दुकानात गल्ल्यावर बसलीस, डोक्यावरचा पदर कानामागे खोचून, आणि पहिल्या महिन्यातच तुझा कायदा लागू केलास: नमुना आणल्याशिवाय बोल्ट मिळणार नाही. या गावात माग कुठकुठले. कुणाचे इंग्रजी आट्याचे, कुणाचे नंतरच्या मापाचे, आणि बोल्ट दिसायला जुळ्या भावांसारखे. तोंडी माप तू ऐकूनच घ्यायची नाहीस. मला तो दिवस अजून दिसतो. मी शाळेतून येऊन पोत्यावर बसलोय. एक गोरेपान गृहस्थ सायकलवरून येतात, कारखान्याच्या ऑफिसातले असावेत, धोतर नीटनेटकं. एका हाताने सायकल चालवत आलेत, कारण दुसऱ्या हाताचा अंगठा आणि बोट यांच्यात त्यांनी बोल्टची लांबी धरून आणलीय. ते अंतर गल्ल्यापुढे धरून म्हणतात, एवढा द्या. तू त्या बोटांकडे बघतेस, मग त्यांच्या तोंडाकडे. "वाटेत कुणाला नमस्कार केला का हो?" तू विचारतेस. ते म्हणतात, हो, चौकात एक ओळखीचे भेटले. "मग त्यातलं थोडं तिथं सांडलं असंल," तू म्हणतेस, आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळतेस. दुकानातले विणकर तेलुगूत काहीतरी बोलून हसतात. गृहस्थ आधी लाल होतात, मग तेही हसतात, आणि सायकल वळवून खरंच नमुना आणायला जातात. जिभेने पोट भरता येईल हे मला त्या दिवशी कळलं असं मी भाषणात सांगतो. खरं म्हणजे त्या दिवशी मला तुझी भीती वाटली होती.

स्वयंपाकघरातही तुझा तोच कायदा. प्रत्येक डब्यावर आणि त्याच्या झाकणावर तू खिळ्याने सारखी खूण ओरखडलेली. हळदीच्या डब्यावर चटणीचं झाकण दिसलं की तुझं "साकु, साकु" सुरू व्हायचं, पुरे झाला तुमचा कारभार, आणि जेवण थांबवून तू सगळी फळी उतरवायचीस. धाकटीच्या लग्नाच्या धामधुमीत झाकणांची अदलाबदल झाली तेव्हा तू पाहुण्यांसमोर रडलीस. सगळ्यांना वाटलं लेक सासरी चालली म्हणून.

तर तू गेलीस, दुकान गेलं, निम्मे माग भंगारात गेले, पण तुझा कायदा त्या सगळ्या ओळीने वारसा म्हणून घेतलाय. पहिला दुकानदार म्हणाला, नमुना? दुसरा म्हणाला, नमुना. तिसरा, तुझ्या काळी आपल्या शेजारच्या दुकानात झाडू मारायचा तो, आता मेंदी लावलेल्या दाढीचा शेठ झालाय. त्याने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "तुम्ही तर अम्मा के बेटे. तुमकू बोलना पडता क्या?" मी सांगितलं की स्क्रूच नाही, असता तर आलोच नसतो; आहे ते भोक आहे. तो म्हणाला, "फिर भोक लेके आव." सगळी ओळ हसली. अव्वा, तुझ्या कायद्यात ही एक फट राहून गेली होती. स्क्रू हरवला तर नट आणता येतो, नट हरवला तर स्क्रू. भोक घेऊन दुकानात कसं जायचं?

तुझ्या लेकीने ते करून दाखवलं. घरी येऊन तिने पाना घेतला आणि रॅकचा पुढचा डावा खांबच सोडवला. मी म्हणालो, अगं सगळा सांगाडा तिरपा होईल. ती म्हणाली, होऊ दे. मग मी स्कूटरवर, मागे ती, आणि तिच्या हातात माणसापेक्षा उंच लोखंडी खांब, उभा धरलेला. अशी आमची मिरवणूक साखर पेठेतून निघाली. चौकात पोलिसाने थांबवून हे काय म्हणून विचारलं. ती म्हणाली, नमुना. त्याने जाऊ दिलं. या गावात हा शब्द अजून चालतो. ओळीतल्या एकेका दुकानापुढे ती खांब रोवून उभी राहायची आणि ते आपापले डबे उपसून एकेक स्क्रू लावून बघायचे. लूमचा एक तर थेट आत गेला. मी टाळी वाजवायच्या बेतात होतो. तिने बोटाने हलकेच ओढला, तर तो बाहेर आला. शेवटी विजापूर रोडला लाऊडस्पीकर दुरुस्त करणाऱ्या एका बोलघेवड्या माणसाकडे परदेशी ॲम्प्लिफायरमधून काढलेले थोडे सापडले. ते त्याने कशासाठी ठेवलेत हे त्यालाही आठवत नव्हतं. त्याचं निम्मं लक्ष टीव्हीवरच्या मॅचमध्ये. त्या स्क्रूंतला एक त्याने खांबाला लावला आणि तो पिळत गेला, शेवटपर्यंत, आणि घट्ट थांबला. धाकटी खांबाला टेकून उभी राहिली फक्त. एका यंत्राला चार हवेत, मिळाले दोन-दोनच्या हिशेबाने. डावीकडे वरचा, उजवीकडे खालचा, असे तिरके लावायचं ठरवलं.

घरी येऊन खांब मी बसवला. इथं माझी अक्कल उजळली. खांब वरखाली उलटा बसला आणि दोन्हीकडच्या भोकांची जुळणी मोडली. यंत्र बसवलं तर एक कान वर, एक खाली. मी म्हणालो, यंत्र सरळ आहे, तुझी भिंत वाकडी आहे. तिने अर्धी भरलेली पाण्याची बाटली यंत्रावर आडवी ठेवली. पाणी एका बाजूला गेलं. आम्ही दोघं त्या पाण्याकडे बघत बसलो. मग ती, माझ्याकडे न बघता, म्हणाली, "अण्णा, मी राहायला हवीय का जायला? एकदा सरळ सांग की."

आणि मी काय म्हणालो ऐक. मी म्हणालो, "पुण्यात म्हणे सगळ्या मापाचे स्क्रू मिळतात."

ती हसली नाही. पाना उचलून तिने खांब पुन्हा सोडवायला घेतला. मी तो धरून उभा राहिलो. नंतर आम्ही फक्त इकडे, तिकडे, थोडं वर, एवढंच बोललो. आज सकाळी ती मला चहा देतानाही तेवढंच बोलली. रॅक आता उभा आहे, यंत्रं आडव्या रेषेत आहेत, दिवे लुकलुकतायत, आणि मी जिन्यावर आहे. आत्ता वर खुर्ची सरकल्याचा आवाज आला. इंजिनियर उठला असेल. एवढ्या लवकर उठला म्हणजे काय समजायचं? तू असतीस तर त्याच्या चेहऱ्यावरून ओळखलं असतंस. मला चेहऱ्यांची फक्त थट्टा करता येते.

दार उघडलं. तो खाली उतरला, मला ओलांडून गेला, "नमस्कार" म्हणाला. मी नुसती मान हलवली. आयुष्यातला सर्वात छोटा संवाद. मग ती कठड्यावरून वाकली. ऊन तिच्या डोळ्यांत होतं म्हणून की कशामुळे, डोळे बारीक केले होते.

"झालं अण्णा. पास केलं. फक्त शहाबादी फरशी खालीवर हाय, रॅक डुगडुगतोय म्हणाले. एका पायाखाली घट्ट काहीतरी द्यायचंय. जाड कागद बघ की, घड्या घालता येईल असा."

मी बरं म्हणालो. मग उगाचच अजून एकदा बरं म्हणालो. ती आत गेली, पण या खेपेला दार लोटलं नाही.

म्हणून इथंच आवरतो. पानं बरीच झालीत, तीन-चार घड्या घातल्या तर एका पायाला पुरेशी होतील. ती राहणार, हे कळल्यावर पायरी तापलीय हेच मी विसरलो, तसाच बसून राहिलो. हे मी तिला सांगणार नाही, मला तसं बोलता येत नाही. इथं लिहिता आलं. समोर किराणावाल्याच्या फळीवर साबणाच्या खोक्याचा चांगला जाड पुठ्ठा पडलाय. मला तो इथून दिसतोय. मी मागणार नाही.