ओढ्याकडचा व्हॉल्व्ह

सोम. ४
आज आमच्या चिकन कारखान्याच्या सांडपाण्याच्या टाकीला मातीचा वास आला! तीन आठवडे शेण-गूळ कालवून घालतोय, तेव्हा कुठं जंतू धरले. कोंबड्यांचं रक्त, चरबी हेच जंतू खाणार, तरच पाणी ओढ्यात सोडण्याजोगं. ओढा पुढं आमच्याच गावाला जातो. गेल्या वर्षी मेलेले मासे घेऊन गाव गेटवर आलं होतं. पुढं माझाच चुलता. मान वर करता आली नाही.

बुध. ६
कटिंग हॉलमध्ये नवी पद्धत. रक्त आधी वायपरनं ओढून डब्यात, मग पाईप. पाणी निम्म्यावर आलं. धुणाऱ्या बायकांची म्होरकी शेवंतामावशी कुरकुरली, "ह्ये कसलं धुणं? तोंड पुसलं की आंघोळ झाली व्हय?" पण केलं तिनं.

शुक्र. ८
पत्र आलं. सोमवारी पाण्याचा नमुना घ्यायला सरकारी साहेब येणार. मॅनेजर म्हणाला, "ह्या खेपेला नापास झालो तर कुलूप." म्हणजे मी घरी, बायकाही घरी.

रवि. १०
टाकीवर पांढरा फेस. वास ब्लीचिंगचा. पळत हॉलवर.
"मावशी, काय वतलंसा?"
"पावडर. अख्खं पोतं! साहेब येणार न्हवं? फरशीत त्वांड दिसतंय बघ."
डोकंच फिरलं. ओरडलो, "जंतू मारलासा की वो सगळं!"
"मग? जंतू मारायलाच असती की पावडर!"
टाकीतले जंतू आपण पाळलेत, हे मी तिला कधी सांगितलंच नव्हतं. शहाणा मी. मावशी रडली. घाण पाणी गावाकडं जाऊ नये म्हणून ओढ्याकडचा व्हॉल्व्ह बंद केला. कुलूप घालून किल्ली खिशात टाकली.

सोम. ११
सकाळीच मॅनेजरनं टँकर आणला. "शेवटच्या चेंबरात चांगलं पाणी सोड. नमुना तिथलाच घेत्यात."
मी म्हणालो, खरं सांगू, कटिंग आठ दिवस बंद ठेवू.
"आणि ऑर्डरी? तुझा बा पुऱ्या करणार?"
टँकरचा पाईप मी लावलाच नाही. साहेब आले, बाटली पुढं केली. "थांबा साहेब," म्हणालो, "टाकी मेलीय." साहेबांनी आधी मॅनेजरकडं बघितलं, मग माझ्याकडं. बाटली तशीच भरली, सील केली. नमुन्याच्या कागदावर सही माझी.

मंगळ. १२
रिपोर्टला वेळ आहे म्हणे. मावशीनं विचारलं, "पास हुईल न्हवं?" व्हय म्हणालो. खोटं.

बुध. १३
नमुन्यासाठी सोमवारपासून बंद ठेवलेलं कटिंग उद्या सकाळी सहाला सुरू, असा फळ्यावर निरोप. टाकी काठोकाठ. आता पाणी जाणार कुठं? व्हॉल्व्ह उघडला तर थेट गावाच्या ओढ्यात. संध्याकाळी मॅनेजरनं ओढ्याकडच्या व्हॉल्व्हची किल्ली मागितली. घरी राहिली म्हणालो.
खिशातच होती. आता समोर टेबलावर आहे. सहाला जायचंय.