रांगेतली सात मिनिटं

सारायेव्हो, मंगळवार

प्रिय जसेंका,

शुक्रवारी तुझ्या फिल्मला येत नाही म्हटल्यावर तू फोनवर फणकारलीस, "बाबा, किती भाव खाल!" भाव खात नाही गं पोरी. तुझ्या कॅमेऱ्यासमोर, तुझ्या आईच्या मरणाबद्दल, मी खोटं बोललो. ते आता सगळं गाव पडद्यावर बघणार आणि मी पहिल्या रांगेत बसून टाळ्या घ्यायच्या? नाही जमणार.

बाकी सांगितलं ते खरं. वेढ्याच्या दिवसांत तळघरात सिनेमा चालवला, तिकीट म्हणजे एक सिगारेट नाहीतर चुलीपुरतं लाकूड. शेजारच्या नूरानं तर एकदा नवऱ्याची कुबडीच आणली. "तो मेला पडूनच असतो!" म्हणाली. काय हसलो होतो आम्ही!

तू विचारलंस, आई गेली त्या दुपारी माणसं दाराबाहेर का उभी होती? मी म्हणालो, जनरेटर बंद पडला. जनरेटर ठणठणीत होता. आदल्या दिवशी खेळ संपता संपता कुणीतरी ओरडलं, नळाला पाणी आलं! मी रीळ परत न गुंडाळता तसंच टाकून पाण्याचा कॅन घेऊन धावलो. दुसऱ्या दिवशी बघतो तर शेवट वर, सुरुवात आत. वीस वर्षं मशीन चालवणाऱ्या माणसानं ही चूक करावी! हातानं उलटं गुंडाळायला सात मिनिटं लागणार होती. आणि मशीन तयार असल्याशिवाय दार उघडायचं नाही, हा माझा युद्धाआधीचा नियम. डोंगरावरून तोफा डागतायत आणि माझी शिस्त बघ! सहाव्या मिनिटाला रांगेवर गोळा पडला. इतकी वर्षं लाज वाटली, म्हणून जनरेटरवर ढकललं.

पण जसेंका, पत्र लिहितोय ते यासाठी नाही. तुझी आई रांगेत नव्हतीच. कॉफी मिळायची नाही म्हणून मसूर भाजून केलेली कॉफी घेऊन ती मागच्या दारानं आत आली होती, खुर्चीत टेकली होती. "पाय दुखतायत, मुनिब, बसू दे ना." मी रिळावरून मानही वर केली नाही. म्हणालो, "लोक बाहेर उभे आहेत, मालकीणबाई. तुम्हालाही रांग." ती हसत उठली आणि गेली. मीच पाठवलं तिला. जनरेटरचा तेवढा तुकडा फिल्ममधून काप आणि कॅमेरा घेऊन ये. माझ्याशी बोलावंसं वाटलं नाही तर बोलू नकोस, नुसता कॅमेरा चालू कर. मी सांगतो.

तुझाच,
बाबा